दुर्बीण बोलेनाशी होते तेव्हा



२२ जानेवारी १८९८ रोजी मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर येथून खग्रास सूर्यग्रहण दिसले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे घेऊन तेथे गेले होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल हेही चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन, समुद्र ओलांडून, त्याच गावी उतरले होते. एवढा खटाटोप कशासाठी? तर सुमारे दोन मिनिटांसाठी! सूर्यबिंब पुरते झाकलेले राहणार होते ते तेवढाच वेळ. त्या दोन मिनिटांत एखादी काच सरकेनाशी झाली, एखादे घड्याळयंत्र अडले, तर चंद्राला ‘जरा थांब’ म्हणण्याची सोय नव्हती. म्हणून अशा मोहिमांतील मंडळी ग्रहणापूर्वी तालीम करीत. कोणी कोठे उभे राहावयाचे, कोणी मोजावयाचे, कोणी काच बदलावयाची, हे सारे आधीच हातात बसलेले असे.

माझा आजचा विषय या तालमीशी जवळचे नाते सांगणारा आहे, जरी वरवर पाहता तो अगदी क्षुल्लक वाटेल. आज घराच्या गच्चीवर दुर्बीण मांडणारा हौशी निरीक्षकसुद्धा संगणकाच्या साहाय्याने ती चालवितो. तारा शोधणे, त्याच्यामागे दुर्बीण फिरविणे, छायाचित्र घेणे, ही सर्व कामे संगणक करतो. आणि संगणक व दुर्बीण यांच्यामधली सारी बोलणी चालतात ती एका हात-दोन हात लांबीच्या तारेतून. तिला आपण यूएसबी केबल म्हणतो. ही तार रुसली की लाखाची दुर्बीण आणि पन्नास हजारांचा संगणक एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात. ते का रुसतात आणि त्यांची समजूत कशी घालावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम माझ्याच फजितीची एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रात्री आम्ही चौघे मित्र सह्याद्रीच्या एका पठारावर दुर्बीण मांडून बसलो होतो. एक लघुग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. यास पिधान म्हणतात. तारा जेमतेम पाच सेकंद विझावयाचा होता आणि त्या पाच सेकंदांच्या मोजमापावरून त्या दूरच्या दगडाचा आकार काढावयाचा होता. घटनेला चाळीस मिनिटे उरली असता, प्रतिमा अधिक रेखीव करावी म्हणून आम्ही फोकसरची मोटर फिरविली. क्षणात कॅमेरा नाहीसा झाला. एकाने कॅमेऱ्याचा ड्रायव्हर काढून पुन्हा बसविला. दुसऱ्याने संगणक बंद करून सुरू केला. तिसऱ्याने दोन तारांची अदलाबदल केली. मी कॅमेऱ्याला, आणि त्याच्या निर्मात्याला, मनोमन शिव्या देत होतो. ठरलेल्या क्षणी तारा विझला असेल आणि पुन्हा पेटलाही असेल. आम्ही मात्र संगणकाच्या पडद्याकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी उन्हात बसून विचार केला, तेव्हा ध्यानात आले की नाहीसा झाला होता तो एकटा कॅमेरा नव्हे. त्याच्याबरोबर मार्गदर्शक कॅमेरा आणि खुद्द फोकसर हेही गेले होते. बैठकीची, म्हणजे माउंटची, तार निराळी होती. ती शाबूत होती. जे तिघे गेले ते एकाच हबवर बसलेले होते, आणि त्या हबला स्वतःची वीज नव्हती. तो संगणकाच्याच विजेवर जगत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आमची गत झाली होती. ‘एकदम कोण कोण गेले?’ एवढा एक प्रश्न वेळीच विचारला असता, तर ती रात्र वाचली असती.

तारेतून काय चालते?

दोष शोधावयाचा तर ही यंत्रणा कशी चालते हे थोडेसे समजून घेतले पाहिजे. पूर्वी संगणकाला जोडावयाच्या प्रत्येक वस्तूची खाच वेगळी असे. छपाईयंत्राची निराळी, कळफलकाची निराळी. दुर्बिणीच्या बैठकी आरएस-२३२ नावाच्या क्रमिक जोडणीवर बोलत. हा गोंधळ मिटविण्यासाठी अनेक कंपन्यांनी मिळून एक सामाईक पद्धत ठरविली, आणि तिची पहिली प्रमाणसंहिता जानेवारी १९९६ मध्ये निघाली. ती आकाराला आणणाऱ्यांत इंटेल कंपनीतील अजय भट्ट हे प्रमुख होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे ते पदवीधर.

साध्या यूएसबी तारेत चार धागे असतात. दोन विजेचे; त्यांतून पाच व्होल्टचा दाब येतो. उरलेले दोन बोलण्याचे. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सेकंदाला ४८ कोटी बिट जाऊ शकतात. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आणखी धागे वाढले आणि वेग ५०० कोटी बिटांवर गेला. विजेची मर्यादाही ठरलेली आहे. दुसऱ्या आवृत्तीची खाच एका उपकरणाला ५०० मिलिअँपियर देते, तिसऱ्या आवृत्तीची ९००. त्याहून अधिक मागणाऱ्याला ती देईलच, अशी हमी नाही.

आता या संभाषणाची रीत पहा. ती शाळेतल्या हजेरीसारखी आहे. संगणक हा मास्तर. उपकरणे ही मुले. मास्तराने विचारल्यावाचून मुलाने बोलावयाचे नाही. नवे मूल वर्गात आले, म्हणजे तार जोडली, की बोलण्याच्या एका धाग्यावरील दाब किंचित वर चढतो. ‘कोणी तरी आले’ हे मास्तराला त्यावरून कळते. मग तो त्याला विचारतो, ‘तू कोण? कोणत्या घराण्याचा?’ उपकरण आपल्या निर्मात्याचा क्रमांक आणि आपला जातीक्रमांक सांगते. मास्तर त्याला हजेरीपटावर एक क्रमांक देतो. असे १२७ क्रमांक एका पटावर मावतात. शेवटी त्याची भाषा जाणणारा दुभाषा बोलावला जातो. या दुभाष्यालाच आपण ड्रायव्हर म्हणतो. एवढे सोपस्कार पार पडल्यावर आपला आकाशदर्शनाचा प्रोग्रॅम त्या उपकरणाशी बोलू शकतो.

म्हणजे प्रोग्रॅम, ड्रायव्हर, संगणकाची खाच, तार, हब, पुन्हा तार, आणि उपकरण, अशी ही सात दुव्यांची साखळी झाली; शिवाय वीज या सर्वांना व्यापून आहे. साखळी तुटते ती एखाद्याच दुव्यापाशी. तो दुवा कोणता, हे उपकरण आपल्या वागणुकीने सांगत असते. ती वागणूक चार प्रकारची असते. ती ओळखता आली की निम्मे काम झाले.

पहिला प्रकार: मास्तराला मूल दिसतच नाही

तार जोडली, पण संगणकाने ‘टुंग’ असा आवाज केला नाही, उपकरणांच्या यादीत काही हलले नाही. विंडोजमध्ये ही यादी डिव्हाइस मॅनेजर या ठिकाणी दिसते. ती उघडी ठेवून तार काढावी व घालावी. यादी ढिम्म राहिली, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ज्याचे येणेच कळले नाही, त्याला दुभाषा देऊन काय उपयोग?

येथे पहिला संशय तारेवर घ्यावा. भ्रमणध्वनीबरोबर मिळणाऱ्या काही तारांत केवळ विजेचे दोन धागे असतात, बोलण्याचे नसतातच. दिसावयास ती तार हुबेहूब तशीच. उपकरणाचा दिवा लागतो आणि आपण फसतो. दुसरा संशय उपकरणाच्या विजेवर. पुष्कळ उपकरणांना यूएसबीखेरीज १२ व्होल्टचा निराळा पुरवठा लागतो. तो सुरू आहे ना, हे हाताने पाहावे, गृहीत धरू नये. तिसरी गोष्ट म्हणजे हब वगळून उपकरण थेट संगणकाला लावून पाहणे.

दुसरा प्रकार: मूल दिसते, पण नाव सांगत नाही

यादीत ‘अनोळखी उपकरण’ असे येते आणि विंडोज पुष्कळदा ४३ हा दोषक्रमांक दाखवितो. याचा अर्थ असा की दाब चढला, मास्तराने प्रश्न विचारला, पण उत्तर नीट ऐकू आले नाही. हा बहुधा तारेचा, सैल खाचेचा किंवा अपुऱ्या विजेचा दोष असतो. क्वचित उपकरणाच्या आतला. दुसऱ्या आवृत्तीच्या तारेला पाच मीटरची मर्यादा आहे. तिसऱ्या आवृत्तीत व्यवहारात तीन मीटरच्या पुढे जाऊ नये. गच्चीवर दुर्बीण आणि खाली खोलीत संगणक ठेवून दहा मीटर साधी तार सोडली, तर असे होणारच. त्यासाठी मध्ये संकेत ताजा करणारी विशेष तार घ्यावी, किंवा त्याहून बरे म्हणजे लहान संगणक दुर्बिणीपाशीच ठेवून त्याच्याशी घरच्या नेटवर्कवरून बोलावे.

कधी उपकरणाचे नाव येते, पण त्यावर पिवळा त्रिकोण असतो. येथे दुभाष्याची अडचण आहे. जुन्या बैठकींसाठी यूएसबीचे आरएस-२३२ मध्ये रूपांतर करणारी तार लागते. तिच्या पोटात एफटीडीआय, प्रोलिफिक, सीएच-३४० अशा घराण्यांपैकी एखादी चिप असते. घराणे कोणते हे ओळखून त्याचाच ड्रायव्हर बसवावा. बाजारात यांच्या नकलाही फिरतात. २०१४ साली एका चिपनिर्मात्याने काढलेल्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपांचा जातीक्रमांकच शून्य करून टाकला, आणि काल चालणाऱ्या तारा आज मुक्या झाल्या. स्वस्तातली तार कधी कधी अशी महाग पडते.

तिसरा प्रकार: नाव पटावर आहे, पण प्रोग्रॅमशी बोलत नाही

हा सर्वांत चकविणारा प्रकार. कारण यादी तर निर्दोष दिसते. रूपांतर करणाऱ्या तारेला विंडोज एक पोर्ट-क्रमांक देतो. समजा, कॉम-४. ज्या चिपला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, ती काल ज्या खाचेत होती त्याऐवजी आज शेजारच्या खाचेत घातली की कॉम-७ होते. प्रोग्रॅम मात्र बिचारा चारच्याच दारावर टकटक करीत राहतो. उपाय साधा आहे. प्रत्येक तारेची खाच ठरवून टाकावी आणि दोहोंवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावावी. शंभर रुपयांच्या चिकटपट्टीने जेवढ्या रात्री वाचतील, तेवढ्या महागड्या यंत्रानेही वाचणार नाहीत.

दुसरे कारण असे की, एका पोर्टवर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला बोलता येते. नकाशाच्या प्रोग्रॅमने ते धरून ठेवले असेल, तर छायाचित्राच्या प्रोग्रॅमला नकार मिळतो. १९९८ पासून विकसित होत आलेली अॅस्कॉम ही पद्धत याच अडचणीवर उपयोगी पडते. तिच्यात एक मध्यस्थ बैठकीशी बोलतो आणि बाकीचे प्रोग्रॅम त्याच्यामार्फत आपले निरोप पाठवितात. लिनक्स वापरणाऱ्यांनी आपले नाव ‘डायलआउट’ या गटात आहे ना हे पाहावे. २०२२ सालच्या उबुंटूमध्ये तर अंधांच्या ब्रेल फलकासाठी असलेला एक प्रोग्रॅम सीएच-३४० ला ब्रेल फलक समजून स्वतःच ताब्यात घेत असे.

तिसरे कारण बोलण्याच्या वेगाचे. अनेक बैठकी सेकंदाला ९६०० बिट या गतीने बोलतात. प्रोग्रॅमने दुसरी गती धरली तर कानांवर केवळ गोंगाट पडतो. चौथे कारण ऐकून हसू येईल, परंतु ते फार वेळा घडते: बैठकच बंद असते! रूपांतर करणारी चिप यूएसबीच्या विजेवर जागी असते, म्हणून पोर्ट दिसते. पलीकडे मात्र कोणी नसते.

येथे एक सावधगिरीची सूचना. आरएस-२३२ चे दाब पंधरा व्होल्टपर्यंत, तेही उलटसुलट, जाऊ शकतात. काही बैठकींच्या थेट जोडणीचे मंडळ मात्र अवघ्या पाच व्होल्टांसाठी केलेले असते. दोन्ही खाचा दिसावयास सारख्या. म्हणून ‘बसते आहे ना, मग घाला’ असे करू नये. अशाने मंडळ जळते. पुस्तिकेत जी तार सांगितली आहे, तीच वापरावी.

चौथा प्रकार: बोलता बोलता मध्येच गप्प होते

संध्याकाळी सर्व ठीक, आणि रात्री दीड वाजता घात. आमच्या पठारावरील प्रसंग याच जातीचा. येथे पहिला आरोपी वीज. एक लहानसा हिशेब करून पाहू. ०.७५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घेऊन १२ व्होल्टची बॅटरी पाच मीटर दूर ठेवली, तर विजेचा जाण्या-येण्याचा मार्ग दहा मीटर होतो आणि त्याचा रोध सुमारे ०.२३ ओहम येतो. कॅमेऱ्याचे शीतकयंत्र आणि बैठकीच्या मोटरी मिळून चार अँपियर ओढू लागल्या की तारेतच ०.९ व्होल्ट खर्ची पडतात. टोकाला उरले ११.१. पहाटे बॅटरी थकल्यावर तेही उरत नाहीत. म्हणून तार जाड आणि आखूड असावी, आणि हबला स्वतःचा वीजपुरवठा असावा.

दुसरा आरोपी संगणकाची काटकसर. वीज वाचविण्यासाठी विंडोज काही वेळ न बोललेल्या खाचा झोपवितो. दीर्घ छायाचित्र घेताना कॅमेरा दहा मिनिटे गप्प असतो. त्याला आळशी समजून मास्तर दिवा मालवितो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हबच्या गुणधर्मांत ही परवानगी काढून घेता येते; ती काढावी.

तिसरा आरोपी हालचाल. दुर्बीण रात्रभर फिरते आणि तारा मध्यान्हवृत्त ओलांडतो तेव्हा जर्मन पद्धतीची बैठक नळी एका बाजूची दुसऱ्या बाजूला नेते. लोंबणारी तार अशा वेळी कोठे तरी अडकते आणि खाचेतून केसभर सरकते. तार नळीला बांधून ठेवावी, वळणापाशी सैल सोडावी, म्हणजे ओढ खाचेवर पडत नाही. थंडीत प्लॅस्टिकचे वेष्टन ताठ होते आणि जोडांवर दव धरते, हेही विसरू नये.

चौथा आरोपी गर्दी. ६ कोटी बिंदूंचे एक छायाचित्र सुमारे १२ कोटी बाइटांचे होते. तेवढा माल त्याच हबवरून मार्गदर्शक कॅमेऱ्याच्या बोलण्याबरोबर न्यावयाचा म्हणजे अरुंद गल्लीत ऊसाच्या गाड्या घालणे. मुख्य कॅमेऱ्याला शक्यतो स्वतंत्र खाच द्यावी आणि त्याच्या ड्रायव्हरमध्ये वेग कमी करण्याची सोय असल्यास ती वापरावी.

दोष शोधण्याचा धर्म

हे सर्व लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण तीन नियम लक्षात ठेवावेत.

पहिला नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आम्ही चौघांनी एकदम चार गोष्टी बदलल्या. त्यात योगायोगाने कॅमेरा सुरू झाला असता, तरी कशाने झाला हे कळले नसते आणि पुढच्या अमावास्येला पुन्हा तेच. पुढचे पाठ, मागचे सपाट!

दुसरा नियम साखळी मधोमध तोडण्याचा. सात दुवे एकापाठोपाठ तपासत बसू नये. मधला दुवा वगळून पाहावे: हब काढून उपकरण थेट लावले आणि ते चालले, तर दोष हबकडच्या भागात, न चालले तर उरलेल्या भागात. दर परीक्षेला निम्मा संशय गळतो. सात दुव्यांतील एक दोषी दुवा अशा तीन परीक्षांत सापडतो.

तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोष गेला एवढ्यावर समाधान मानू नये. तो परत आणून दाखविता आला पाहिजे. त्या पठारावर दुसऱ्या दिवशी आम्ही हबला स्वतंत्र वीज दिली आणि फोकसर दहा वेळा फिरविला. कोणीही गेले नाही. मग ती वीज काढली. दुसऱ्याच फेरीला तिघेही नाहीसे झाले. तेव्हा कोठे आमची खात्री पटली. जो दोष आपोआप गेला, तो आपोआप येतोही.

आणि ही परीक्षा कधी करावयाची? दिवसाउजेडी. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेलेच असते. पुढल्या काळात चंद्राच्या रात्री वगळा, ढगाच्या वगळा, आपल्या नोकरीच्या आणि घरच्या अडचणींच्या वगळा. वर्षाकाठी हाती लागतात त्या बोटांवर मोजण्याजोग्या रात्री. त्यांतली एक तारेपायी घालविणे परवडणारे नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी घराच्या अंगणात सारी मांडणी जोडावी, सर्व मोटरी एकाच वेळी फिरवाव्यात, शीतकयंत्र पूर्ण चालवावे आणि दोन तास तसेच राहू द्यावे. जे मोडावयाचे ते तेथे मोडू द्यावे. कोणती तार कोणत्या खाचेत, कोणत्या पोर्टचा कोणता क्रमांक, हे वहीत लिहावे आणि एक जास्तीची तपासलेली तार पिशवीत टाकावी.

जेऊरला जमलेल्या त्या विद्वानांजवळ संगणक नव्हता, यूएसबीची तार नव्हती. परंतु आकाश कोणासाठी थांबत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि म्हणून यंत्राचे रुसवेफुगवे ते आधीच काढून ठेवीत. यंत्रे बदलली, तो धर्म बदललेला नाही. आमच्या हातून निसटलेल्या त्या पाच सेकंदांनी मला एवढे शिकविले. आपली पाच सेकंदे आपल्या हाती लागोत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.